सोनोग्राफीच्या बाई

यकृतातल्या गाठीत सुई शिरली की बाई पडद्यावरून नजर काढत नसत. दारात मोठा अधिकारी येऊन उभा राहिला, तरी त्याला त्यांची पाठच दिसायची. आमच्या रुग्णालयात सगळे त्यांना ‘सोनोग्राफीच्या बाई’ म्हणत. त्या आर्वीकडच्या, शेतमजूर आईबापांची लेक, घराण्यातल्या पहिल्या डॉक्टर. मी डॉक्टर म्हणून त्यांच्या हाताखाली सहा वर्षे काढली.

पेशंटशी त्या वऱ्हाडीतच बोलत. “सुईचं टोक तापते, गाठ आतल्या आत शिजते. पोट फाडा नाई लागत. तुमी झोपा, मी पाहून राह्यली.” जेलीची बाटली त्या आधी कोमट पाण्यात ठेवत, घाबरलेला माणूस गार जेलीने आणखी दचकतो, म्हणून.

सुई तापली की गाठीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पडद्यावर पांढरा ढग पसरतो. त्याने गाठ झाकली की आम्हाला हायसे वाटे. बाई म्हणत, “ढग दिसला म्हणजे गाठ मेली असं नाही. त्याच्यामागचं तू अजून पाहिलेलं नाहीस.” बुडबुडे विरेपर्यंत त्या आम्हाला थांबवत. मग शिरेतून औषध देऊन पुन्हा सोनोग्राफी करत. गाठीत जिथे रक्त पोचून पडदा उजळेल, तिथे ती जिवंत.

सिंदी रेल्वे या गावचे वामनकाका कापसाच्या जिनिंगमध्ये आयुष्य घालवलेले. त्यांची गाठ यकृताच्या अगदी वर, श्वासागणिक हलणारी. बाईंनी ती जाळली, नेहमीसारखी तपासली. महिन्याने सीटी स्कॅन आला, तर मागच्या कडेला गाठीचा तुकडा जिवंत होता.

बाईंनी स्कॅनची फिल्म दोनदा पाहिली. मग दार लावून त्यांनी सोनोग्राफीचा प्रोब पेलणारा डावा हात माझ्यासमोर धरला. बोटे कापत होती.

“दोन महिने झाले. थकवा असेल, असं स्वतःला सांगत होते.”

“बाई, कड कुणाकडूनही राहू शकते,” मी म्हणाले. ते खोटे नव्हते.

“राहते. पण या वेळी हातामुळे राहिली नाही, असं मी कशाच्या जोरावर म्हणू?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी काकांना बोलावले. मीही तिथे होते.

“काका, गाठीची मांगची कड राहून गेली. माह्या हातून सुटली. माहा हात आता कापते. हे आधीच सांगाले पायजे होतं.”

त्यांच्या बायकोने पदर तोंडाला लावला. काका म्हणाले, “मंग आता कोन करते?”

“ह्या डॉक्टर करतीन. मी मांगं उभी राहते.”

“तुमी उभ्या राहसान, तर करा.”

काकांना पुन्हा टेबलावर घेतले, त्या सकाळी प्रोब माझ्या हातात होता. बाई माझ्या मागे, दोन्ही हात पाठीशी घट्ट धरून उभ्या. ढग विरला, औषध दिले, सगळे काळे दिसले. मी सुई काढणार, तोच त्या हळूच म्हणाल्या, “डावीकडे, खाली बघ.” तिथे एक बारीक ठिपका उजळला होता. मी सुई पुन्हा बसवली.

महिन्याने काकांचा स्कॅन स्वच्छ आला. बाईंनी मात्र पुन्हा प्रोब उचलला नाही. आपल्या हाताबद्दलचे पत्र त्यांनी स्वतःच विभागप्रमुखांना दिले. काही महिने आम्हाला फिल्मवर शिकवले आणि आर्वीला निघून गेल्या. हाताचे दुखणे पुढे सगळ्या अंगात पसरले.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्याचा फोन आला. मी आर्वीला पोचले तेव्हा मांडवात बुद्धवंदना सुरू होती. पांढऱ्या कपड्यांतल्या नातेवाइकांत वामनकाका बसले होते. पहाटेच घर सोडून, दोन एसट्या बदलून आले होते. वंदना संपल्यावर बाईंच्या भावाने त्यांना विचारले, “तुमी कुठले? ओळखलं नाई.”

“सिंदीचा. बाईनं मले खरं सांगतलं होतं,” काका म्हणाले.

भावाला काही कळले नसावे. काका सरकले आणि सतरंजीवर त्यांनी माझ्यासाठी जागा केली.