परड्यातला नकार

पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. दरडीनंतर तिथे मदतीपेक्षा अभ्यासकच जास्त आले. त्यातल्या एका पथकाने वाट दाखवायला आणि "स्थानिकांचा विश्वास मिळवायला" मला सोबत घेतलं. महाडला आधी प्रशिक्षण झालं. संमती विचारा, नकाराचा मान राखा, संस्कृती समजून घ्या. मी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू?

पहिलंच घर माझ्या काकीचं. तिची सून दरडीखाली गेली. पथकाच्या प्रमुख बाईंनी नीट विचारलं, "त्या दिवसाबद्दल बोलाल का? नको असेल तर तसं सांगा."

"बोलू ना. चा घ्या, बसा हां, आलेच मी."

काकी चहा ठेवून मागच्या परड्यात गेली, ती गेलीच.

बाई रेकॉर्डर मांडून वाट बघत बसल्या. मला कळलं होतं. आमच्याकडे ओटीवरच्या पाहुण्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत, उठून जातात. पाहुण्याने ओळखून निघायचं असतं. पण बाई हलेनात, आणि त्या हलेपर्यंत काकीला आपल्याच घरात येता येईना. ती मागे उन्हात अडकलेली, मी पुढे सावलीत.

"काकी येणार नाही. हा नकार आहे," मी म्हणालो.

"त्या स्पष्ट हो म्हणाल्यात. तुम्ही तुमचं मत त्यांच्यावर लादू नका."

मी लादतो! असल्याच लादण्याविरुद्ध चळवळीत पत्रकं वाटलीत, घोषणा देऊन माझा घसा बसलाय. मी उठलोच. "काकी, निघतो गो आमी!"

लाकडांच्या ढिगामागून आवाज आला, "मोठा पुढारी झालास रे! पावण्यांना घाई करतोस? बाई, परत या हां!"

बाई खुलल्या. "बघा, त्यांनीच बोलावलंय. उद्या येऊ."

अहो, परत या तर आमच्याकडे मीटर कापायला आलेल्यालाही म्हणतात! पण हे ऐकतंय कोण?

जीपमध्ये बाई म्हणाल्या, "काकींची उद्याची वेळ तेवढी घेऊन ठेवा."

"नाही," मी म्हणालो. तोंडावर, त्यांना समजेल अशा भाषेत.

"ठीक आहे. तुमच्या निर्णयाचा आदर आहे."

माझ्या नकाराचा मान एका वाक्यात राखला गेला. त्यांनी मला नाक्यावर सोडलं आणि जीप वळली. वाडीची वाट आता ड्रायव्हरला माहीत होती.