गिरणीची घरघर काढताना

पत्नीच्या घशाची शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा तिचा आवाज पूर्वीसारखा राहील याची खात्री डॉक्टरांनी दिली नव्हती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. दवाखान्यात जाण्याआधीच्या आठ दिवसांत तिने पहिलीचे सगळे धडे आणि कविता वाचून फोनवर रेकॉर्ड करून ठेवल्या. मी देऊळगाव राजाला घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी वेब ॲप्लिकेशन्स तयार करतो. धड्याच्या चित्रावर बोट ठेवले की बाईंचा आवाज यावा, असे एक पान मी तिच्यासाठी केले.

आमच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी आहे. प्रत्येक धड्याखाली तिची घरघर होती. असा जड आवाज काढायला ब्राउझरमध्येच फिल्टर मिळतो. आपण दिलेल्या आकड्याखालचे स्वर तो अडवतो, वरचे जाऊ देतो. आकडा वाढवत मी तीनशे हर्ट्झवर नेला आणि फोनवर ऐकून पाहिले. घरघर गेली होती, शब्द स्वच्छ होते. फोनच्या इवल्या स्पीकरमधून खालचे स्वर मुळातच नीट येत नाहीत, हे मी कंपनीतल्या नवशिक्यांना कितीदा सांगितले आहे. हेडफोन टेबलावरच होता. तो कानाला लावण्याचा मी कंटाळा केला. दुसरे कारण मला देता येत नाही.

त्याहून मोठी चूक पुढे केली. फिल्टर ऐकवताना लावायचा, मूळ ध्वनीला हात लावायचा नाही, हा आमच्या कामातला साधा नियम आहे. नको झाला तर फिल्टर काढता येतो. पण पालकांचे फोन साधे, रेंज तुटपुंजी, म्हणून मी फिल्टरमधून गाळलेला आवाजच लहान फायलींत उतरवला. तिचा फोन भरला होता. मूळ फायली मी पुसून टाकल्या.

गिरणीवाल्याने ते पान ऐकले आणि दारात येऊन म्हणाला, "काऊन साहेब, आमच्या गिरणीले कुठं दडवलं? उद्या आमालेबी गायब करसान." मी हसलो. मला ते कौतुक वाटले.

शस्त्रक्रियेनंतर तिच्याकडे फक्त कुजबुज उरली. दोन महिन्यांनी ती शाळेत रुजू झाली आणि वर्गातल्या मोठ्या स्पीकरवर तिने ते धडे प्रथमच ऐकले. घरी येऊन ती माझ्याजवळ बसली.

"पत्र्याच्या डब्यातून कोनी बोलून राह्यलं असं वाटते. माहा आवाज जाडाभरडा होता. तुमी काही काढलं का त्यातून?"

"थोडा फिल्टर आहे."

"मंग काढा तो. गिरणी राहू द्या."

"मूळचं कॉम्प्युटरवर आहे," मी म्हणालो. "सवडीनं करतो."

ती डोणगावची, तिची बोली ठसठशीत वऱ्हाडी. पुण्याचे सहकारी फोनवर असले की मी तिला हळू बोलण्याची खूण करीत असे, हेही मला तेव्हा आठवले.

मग मी खालचे स्वर उचलणारा दुसरा फिल्टर लावून पाहिला. तिच्या आवाजातले जे थोडे उरले होते, त्याच्याबरोबर फायलीतली खरखरही वर आली. रोज शाळेतून आल्यावर ती विचारी, "झालं का?" मी म्हणे, "चाललंय." खोलीचे दार उघडे असे, पण त्या एका शब्दातून बाहेर पडायला मला वाट सापडत नव्हती. काम फार आहे असे खरेच म्हणता यावे, म्हणून मी कंपनीकडून जास्तीचे काम मागून घेतले.

एका रविवारी तिने खुर्ची ओढली. "आज माह्यासमोर करा. मी पाहतो कसं करता ते."

मी हेडफोन उतरवला. "मूळचं नाही. मी पुसलं. तू दवाखान्यात जायच्या आधीच."

ती पडद्यावरच्या आवाजाच्या रेघांकडे पाहत राहिली.

"आन् रोज म्हनत होते, चाललंय."

"हो."

"आवाज गेला तरी मी डॉक्टरले काही म्हटलं नाही," ती म्हणाली. "त्यायनं आधी सांगतलं होतं."

त्यानंतर तिने पानाविषयी विचारले नाही. मुलांना धडे हवे असतात, म्हणून ते मला बंद करता येत नाही. आणि ते चालू आहे तोवर वर्गात उभे राहून तिला रोज तोच आवाज ऐकावा लागतो.