आगकाडीवरचा पराग

माझगावला आमच्या समोरच्या गॅलरीतले अंकल रोज ऑर्किडची एकेक कुंडी उचलून वजनावरून तिची तहान ओळखायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

माझ्या ऑर्किडला पहिलंच फूल आलं, तसे ते आगकाडीच्या टोकावर पराग घेऊन दारात आले.

“बाय, माझं एक झाड जगत नाय. हा त्याचा पराग तुझ्या फुलाला लावला तर शेंग धरेल, वंश राहील. पण फूल उद्या कोमेजेल.”

उद्याच माझं हळदीकुंकू! नणंदेला जळवायला मी दीडशहाणीने फुलाच्या रंगाची पैठणी काढून ठेवलेली.

“परवा या की!”

“परवा झाड नसेल.”

दुसऱ्या हाताने ते काडीला वाऱ्यापासून आडोसा करत होते. मी दारातून बाजूला झाले.

दुसऱ्या दिवशी नणंद खिदळली, “फुलाने मान टाकलीय की गं!”

“टाकणारच,” मी म्हटलं. “दिवस गेलेत तिला.”