आर्डिथच्या काचेचे रबर

आर्डिथ लिंडक्विस्ट हिची आणि माझी ओळख आमच्या मोटारहोमच्या तळावरील कपडे धुण्याच्या खोलीत झाली. यंत्रावर एक सूचना चिकटवलेली होती. चष्मा विसरल्यामुळे तिने ती मला वाचून दाखवण्यास सांगितले. मला वाचता येत नाही, असे मी तिला सांगितले.

"मग दोघंही सारखेच," ती म्हणाली. "टाका कपडे, बघू काय होतं."

यंत्र बिघडलेले होते. खोलीभर फेस झाला, आणि तो पुसता पुसता आमची मैत्री झाली. पुढे मी ग्रंथालयातील प्रौढांच्या वर्गात जाऊ लागलो तो तिच्याच आग्रहामुळे. म्हणून तिच्याविषयी नीट लिहून काढणे हे मी माझे कर्तव्य समजतो.

आर्डिथ मूळची मिनेसोटाची. तिथे तिचे शिवणकामाचे दुकान होते. नवरा गेल्यावर तिने घर विकले आणि एका जुन्या मोटारहोममध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, संसार मांडला. हिवाळा आमच्याकडे ॲरिझोनाच्या वाळवंटात काढायचा आणि ऊन तापू लागले की स्वतः गाडी चालवत उत्तरेला जायचे, असा तिचा क्रम होता. त्या वर्षी मात्र समोरच्या काचेच्या डाव्या भागातून पाणी गळू लागले. पाऊस पडला की थेंब नेमके तिच्या गुडघ्यावर पडत. ती मांडीवर केक भाजण्याचे भांडे ठेवून गाडी चालवी. ही गोष्ट तिने मोठ्या गमतीने आपल्या मुलाला, कर्टिसला, फोनवर सांगितली. ती सांगायला नको होती.

"आई, ती गाडी आहे की चाळण?" तो म्हणाला. तो टूसॉनला राहत असे. "रविवारी येतो. नळीनं पाणी मारून बघतो. एक थेंब जरी आत आला, तरी गाडी विकायची आणि माझ्याकडे राहायला यायचं. कबूल?"

तिने कबूल केले. नंतर मला म्हणाली, "कर्टिसचं घर छान आहे रे, ओडेल. फक्त ते हलत नाही."

गावातील काचवाल्याने काम घेण्यास नकार दिला. त्या घडणीची काच आता कोणी बनवत नाही. काढताना फुटली तर दुसरी आणायची कोठून, असे त्याचे म्हणणे होते. तेव्हा आर्डिथने टपालाने काचेभोवती बसवायचे नवे रबर मागवले आणि काम स्वतः करण्याचे ठरवले.

आमच्या तळावर कोणी हातात पाना घेतला की शेजारी आपापल्या घडीच्या खुर्च्या घेऊन भोवती बसतात. शनिवारी सकाळीही तसेच झाले. सर्वांत पुढे बर्ल हचेन्स होता. त्याने आयुष्यभर शाळेच्या बस दुरुस्त केल्या होत्या आणि त्याचा आवाजही बसच्या भोंग्यासारखाच होता.

आर्डिथने जुने रबर चाकूने कापून काढले. त्याच्या खालच्या सांध्यात बोटभर फट पडलेली होती, आणि ती बुजवण्यासाठी कोणीतरी सिलिकॉनचे थरावर थर दिलेले होते.

"बघ हे," ती मला म्हणाली. "ज्यानं बसवलं त्यानं ताणून बसवलं आणि काटोकाट कापलं. परकराच्या कमरेला इलॅस्टिक असं लावलं असतं, तर गिऱ्हाईकानं मला दुकानातून हाकललं असतं. ताणलेलं रबर मागं सरतंच."

आम्ही तिघांनी मिळून काच अलगद खाली उतरवली आणि जेवणाच्या टेबलावर, जाड रजईवर ठेवली. नवे रबर उन्हात पसरून मऊ केलेले होते. ते तिने काचेभोवती बसवले, पण जराही ताणले नाही. उलट थोडे थोडे आत ढकलत गेली. शेवटी टोके जुळवली तेव्हा सांध्यापाशी रबराला फुगवटा आला.

"अगं बाई, हे जास्त झालंय," बर्ल म्हणाला. "आण इकडे, छाटतो."

"हात लावलास तर तुझी मिशी छाटीन. राहू दे तसंच."

आता रबराच्या दुसऱ्या, चौकटीवर बसणाऱ्या खाचेत दोरी घालायची होती. काच जागेवर धरून बाहेरून दाबायची आणि आतून दोरी ओढत जायची, म्हणजे रबराची कड चौकटीवर चढत जाते. दोरी घालण्याचे काम बर्लने आग्रहाने मागून घेतले. आर्डिथने खाचेत भांड्यांचा साबण चोळला आणि दोरी ओढण्यासाठी ती गाडीच्या आत जाऊन उभी राहिली. बर्लने आणि मी काच उचलून चौकटीला टेकवली.

"बर्ल, दोरी कुठंय?" आतून तिचा आवाज आला.

"ही काय, माझ्या हातात!"

"तुझ्या हातात कशी? तू बाहेर आहेस ना?"

बर्लने दोरीकडे पाहिले. दोन्ही टोके बाहेरच्या बाजूला लोंबत होती. खुर्च्यांवरील मंडळी इतकी हसली की एकाची कॉफी सांडली.

"बसच्या काचा बसवताना काय करायचास रे?" आर्डिथने आतून विचारले.

"तेव्हा मी आत असायचो," बर्ल पडेल आवाजात म्हणाला.

काच पुन्हा उतरवून रजईवर ठेवावी लागली. दोरी काढून नव्याने घातली आणि या वेळी टोके आत सोडली. आर्डिथ दोरी ओढू लागली, आणि ती जिथे ओढी तिथे बाहेरून आम्ही तळहाताने दाबत गेलो. वरच्या कोपऱ्यापाशी एकदम 'कट्' असा आवाज झाला. कोणी हलेना. आर्डिथ काचेला नाक लावून बराच वेळ पाहत राहिली.

"काच नाही," ती म्हणाली. "बर्लचा गुडघा."

"माझाच आहे," बर्ल म्हणाला. "दुखतोय, पण माझाच आहे."

रबराची कड पूर्ण चढली. शेवटी बाहेरच्या खाचेत बारीक पट्टी दाबून बसवली, तेव्हा रबर काचेला घट्ट आवळले गेले. रविवारी सकाळी मी पाहिले तेव्हा सांध्यावरचा फुगवटा नाहीसा झाला होता. टोके एकमेकांना अशी भिडली होती की नखही आत शिरले नसते.

दुपारी कर्टिस आला. त्याने आईला मिठी मारली, सगळ्यांची विचारपूस केली, आणि मग नळी हातात घेतली. तो स्वभावाने सज्जन, पण कामात चोख माणूस. आर्डिथ चालकाच्या जागेवर मांडीवर कागदी रुमाल पसरून बसली. त्याने वरून पाणी मारले, खालून मारले, सांध्याशी तोटी नेऊन मारले. काचेवरून पाण्याचे लोट वाहत होते आणि त्यांच्यापलीकडे आर्डिथ हाताची घडी घालून समोर पाहत होती.

नळी तशीच वाहती ठेवून कर्टिस आत गेला. त्याने रबराच्या कडेने बोट फिरवले, आईच्या मांडीवरचा रुमाल उचलून उजेडात धरला.

"कोरडा आहे," तो म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. मग तो हळूच म्हणाला, "आई, मला वाटलं होतं या वर्षी तू आमच्याकडे राहशील."

"येईन ना रे. वाटेवरच आहे तुझं घर. आठवडाभर राहीन, तुझ्या अंगणात, माझ्या गाडीत."

कर्टिसला हसू आले. तो खाली उतरला आणि नळ बंद करायला वळला. आर्डिथने खिडकीतून डोके बाहेर काढले.

"कर्टिस, बंद नको करूस. नळी हातात आहेच, तर मागची बाजूही धुऊन टाक."