उभ्यानं कुंकू

नवं राज्य झाल्यानंतरच्या काही हिवाळ्यांत आमच्या तालुक्याला धावण्याच्या शर्यतींचं वेड लागलं होतं. पळणारे थोडे आणि पळवणारे फार. धामणगाव बढेहून निघायचं, चार मैलांवरच्या एका गावाहून परत फिरायचं आणि पहिला येईल त्यानं बुलडाण्याला जिल्ह्याच्या शर्यतीत उतरायचं, असा बेत असे. मी तेव्हा प्राथमिक शाळेत मास्तर होतो आणि लागोपाठ दोन वर्षं दुसरा आलो होतो. पहिला यायचा तो वांगी पिकवणारा एक शेतकरी. डोक्यावर पाटी घेऊन बाजार गाठणारा माणूस. वेगळा सराव त्याला लागत नसे.

त्या वर्षी समितीनं परतीसाठी निवडलं ते गाव नेमकं त्याची सासुरवाडी निघालं. बायको दिवाळीला माहेरी गेली होती, ती अजून आली नव्हती. मागच्या खेपेला जेवताना तिकडं कोणी त्याला आग्रह केला नाही, म्हणून 'त्यांनीच आणून घालावी' असं याचं म्हणणं. 'जावयानं यावं आणि न्यावी' असं सासऱ्याचं. दोन महिने निरोप्ये जात होते, जेवून परत येत होते.

शर्यतीच्या सकाळी प्रमुख पाहुणे उशिरा येणार हे ठरलेलंच होतं. आम्ही अर्ध्या चड्ड्यांत कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीच्या आगटीभोवती शेकत उभे होतो.

"सासऱ्याच्या दारावरून पयशीन ना बे?" एकानं त्याला विचारलं.

"पयीन. पानी बी नाई पेनार."

"अन् वहिनी दिसली त?"

"दिसली त दिसली. मी रस्त्याकडं पाहीन."

मग पाहुणे आले आणि राज्य उभारायला निरोगी पाय कसे लागतात ते सांगत राहिले. तोवर आमचे पाय बधिर झाले होते.

आदल्या वर्षी दोघेजण अर्ध्या वाटेवरच्या उसात बसून तिथूनच परत आले होते. म्हणून यंदा खूण ठरली होती: त्या गावच्या पोलीस पाटलानं प्रत्येकाच्या कपाळाला कुंकू लावायचं. कुंकू नसेल तो बाद. शाईचा शिक्का का नाही, असं मी समितीतल्या एकाला नंतर विचारलं. कुंकवानं शोभा येते, म्हणाला. पोलीस पाटील कोण, हे मात्र कोणी विचारात घेतलं नव्हतं. तो सासराच होता.

मी एका वावराच्या अंतरानं मागे होतो. चावडीपाशी पोचलो तेव्हा जावई कपाळ पुढं करून उभा होता आणि सासऱ्याचा हात तबकावर थबकला होता.

"लावा ना लवकर," जावई धापा टाकत म्हणाला.

"उभ्यानं? जावायाले?"

"शर्यत हाय, मामाजी."

"असन. उभ्यानं कुंकू लावत नाईत जावायाले. गाव काय मनन मले?" म्हातारा चावडीला लागूनच असलेल्या आपल्या घराकडं वळून म्हणाला, "पाट आना वं कोनी."

मला कुंकू लावायला त्याला क्षणही लागला नाही. "तुमी जा मास्तर. तुमचं काई नाई."

जावयानं रस्त्याकडं पाहिलं. मग दाराकडं. तिथं पाट घेऊन ती स्वतःच उभी होती. तिनं पाट मांडला. तो खाली बसला आणि बनियन ओढून उघडे गुडघे झाकता येतात का ते पाहू लागला.

मी पळालो. मी पुढं आहे असं पहिल्यांदाच घडत होतं, आणि मला पाहायचं होतं ते सगळं मागं चाललं होतं. तीनदा वळून पाहिलं. एकदा ठेचकाळलो. तरी पहिला आलो, कारण बाकीचे बरेच मागे होते. (बुलडाण्याला पुढं मी शेवटून तिसरा आलो, पण तिथं माझ्याशिवाय कोणालाच त्याचं नवल वाटलं नाही.)

पाहुण्यांचा फराळ उरकेपर्यंत बक्षीस समारंभ थांबला होता. तेवढ्यात रस्त्यावरून बैलगाडी आली. पुढं सासऱ्याचा गडी हाकायला, मागं बोचकं घेऊन बायको, शेजारी हा. अंगावर नवं धोतर, मांडीवर नारळ, कपाळाला अक्षता चिकटलेलं ठसठशीत कुंकू. खूण तर होती. आता गाडीतून आलेल्याला क्रमांक द्यायचा की नाही, यावर समितीची बैठक बसली. तो निकालासाठी थांबला नाही.

बक्षिसाचा कप तसाच टेबलावर सोडून मी निघालेली गाडी गाठली. दोन महिन्यांनी भेटलेली माणसं आधी काय बोलतात, याची मला शर्यतीपेक्षा जास्त उत्सुकता होती.

"काय म्हणाली?" मी हळूच विचारलं.

"काई नाई. मनली, एवढ्या थंडीत उघडे फिरता, कपडे नाईत काय तुमच्यापाशी?"

"मग?"

"मी मनलं, हायेत. घरी हायेत."

"मग?"

"मंग थे मनली, चाला घरी."