उल्कान एजेचा खटका

टोकमोक शहरातल्या आमच्या विजेच्या पॅनेलच्या कारखान्यात उल्कान एजेच्या वाटेला सहसा कुणी जात नसे. एजे म्हणजे ताई; वयानं मोठा असलेला मालक तुर्दुबेकही तिला एजेच म्हणायचा, आणि ती त्याला आके, म्हणजे दादा.

तिच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. तरुणपणी ती लोकर धुण्याच्या गिरणीत होती. मेन स्विच बंद करून मशीनच्या रुळात अडकलेली लोकर काढत असताना कुणीतरी बटण दाबलं आणि रूळ फिरले. स्विचची मूठ 'बंद'वर होती, आतले संपर्क मात्र वितळून चिकटलेले होते.

त्याच गिरणीचं नवं पॅनेल बांधायचं काम आमच्याकडे आलं. तुर्दुबेकनं कपाटात पडलेला स्विच तिच्यापुढे ठेवला.

"हा बसव. दिव्यांना, हीटरला मस्त चालतो."

"आके, मेंढीवर खोगीर घालून डोंगर चढता का तुम्ही? हा मोटरच्या भाराचा नाही. मोटरचा आयसोलेटर हवा. आतले संपर्क सुटल्याशिवाय ज्याची मूठ 'बंद'वर जाणारच नाही, असा. आणि कुणी मधेच चालू करू नये म्हणून तिथं कुलूप घालता आलं पाहिजे."

"तो मोठा असतो. पॅनेलचं दार नव्यानं कापावं लागेल. उद्या गाडी येतेय!"

"कापू की. लोखंडच आहे, बोट नाही."

"मालक कोण इथं?"

"तुम्ही. पण हा स्विच माझ्या हातून बसणार नाही."

तुर्दुबेकनं तो दुसऱ्याकडून बसवून घेतला. सकाळी पॅनेल गाडीत चढलं, तशी एजे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. मीही सोबत होतो, जोडणीला.

गिरणीच्या अंगणात ओले एप्रन घातलेल्या बायका जमल्या. एजेनं हात वर केला. "मूठ बंद असतानाही मशीन फिरतं. पटत नसेल तर हे बघा. या पॅनेलमध्ये पुन्हा तसलंच सोंग बसवलंय."

त्यांच्यातली म्हातारी सायकाल पुढे आली. "कुलूप लागेल असा खटका येईपर्यंत रुळात हात घालणार नाही कुणी. बसा गं खाली!"

बायका लोकरीच्या ढिगांवरच बसल्या. व्यवस्थापक ओरडला, हातापाया पडला, शेवटी त्यानं पॅनेल परत पाठवलं.

आम्ही परतलो तेव्हा तुर्दुबेक कारखान्याच्या फाटकातच उभा होता. "उद्यापासून येऊ नकोस."

"उद्या कशाला? ही निघाले."

दार अखेर कापावंच लागलं. तिनं सांगितला तसलाच आयसोलेटर मी बसवला, आणि सायकालनं त्याला स्वतःचं कुलूप घालून ओढून पाहिलं, मगच रुळाला हात लावला.

एजेनं घराच्या अंगणातच पॅनेल बांधायला घेतली. पहिल्या हिवाळ्यात काम बेताचंच होतं. तरी कुणी स्वस्तातला स्विच घेऊन आलं की ती त्याला फाटक दाखवायची. वसंतात मीही तिच्याकडे कामाला गेलो.

एकदा तुर्दुबेक आला, टोपी हातात घेऊन. "एजे, झालं गेलं विसर. परत ये."

"बसा आके, चहा घ्या," ती म्हणाली आणि पाव मोडून त्याच्यापुढे ठेवला. "चहाला मी कुणालाच नाही म्हणत नाही. कामाचं विचारू नका."

त्यानं दोन कप चहा घेतला.