घंट्या ऐकणारी मावशी

आमच्या सायकलच्या घंट्यांच्या कारखान्यात मावशीचं काम ऐकायचं. घंटीची वाटी खिळ्यावर अडकवायची, लाकडी काडीने हलका टोला द्यायचा आणि डोळे मिटायचे. नाद खणखणीत असला तर वाटी उजवीकडे, बद्द वाजली तर डावीकडे. मी शेजारच्या टेबलावर पॅकिंग करते. तिने एकही बद्द वाटी माझ्यापर्यंत येऊ दिली नाही. पॉलिशच्या चाकावर तिचा सख्खा धाकटा भाऊ, पण त्याच्याही वाट्या ती खुशाल डावीकडे टाकायची.

"ताई, घरी जेवायला तरी वाढशील ना?" तो चिडून विचारायचा.

"वाढेन. आधी ही परत घेऊन जा."

मग मालकांच्या मनात आलं, वाट्या बाहेरूनच करून घ्याव्यात. पत्र्याला वाटीचा आकार देणारा आमचा प्रेस जुना झालेला, त्याच्या दुरुस्तीपुढे त्यांनी हात टेकले होते. बाहेरचा माणूस स्वस्तात द्यायला तयार होता. पण वडिलांनी उभं केलेलं काम बंदही करवेना. शेवटी म्हणाले, "दोन्हीकडच्या वाट्या मिसळून मावशींपुढे ठेवू. आपल्या सरस ठरल्या तर नवा प्रेस घेऊ, इथेच बनवू."

माझं डोकंच फिरलं. मालक म्हणून मिरवायचं यांनी आणि बंदूक ठेवायची मावशीच्या खांद्यावर!

नंतर ओळखता याव्यात म्हणून मालकांनीच भावाला आपल्या वाट्यांच्या आतल्या काठावर कानशीने बारीक ओरखडा मारायला सांगितलं. भाऊ काही भोळा नव्हता. जेवणाच्या सुट्टीत तो मावशीजवळ येऊन बसला.

"ताई, ओरखडा दिसला की उजवीकडे टाक. एवढं एकदाच. पोरींच्या शाळा आहेत गं."

मावशीने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "बरं." मी माझ्या कानांनी ऐकलं.

परीक्षेच्या दिवशी सगळे काम सोडून तिच्याभोवती जमलो. पहिली वाटी तिने उलटी करून पाहिली, नुसता दाखवायला टोला दिला आणि उजवीकडे ठेवली. दुसरीही तशीच. तिसरीला टोला दिला आणि सवयीने तिचे डोळे मिटले. ते पुन्हा उघडलेच नाहीत. हात आपोआप चालू राहिले, उजवीकडे, डावीकडे, डावीकडे. भाऊ खोकला. मी मुद्दाम खोकं खाली पाडलं. कशाचा काही उपयोग झाला नाही.

टोपली रिकामी झाली तेव्हा तिने डोळे उघडले. मालकांनी डावीकडच्या ढिगातली एक वाटी उचलून आतून अंगठा फिरवला. मग दुसरी, मग तिसरी. प्रत्येकीला ओरखडा.

"मावशी, नीट ऐकलंत ना?" ते अगदी काकुळतीने विचारत होते.

तिने ढिगाकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. "ऐकलं," एवढंच म्हणाली.

प्रेस भंगारात गेला. भाऊ आता कुणाच्या तरी गोदामात माल चढवतो. "एकदा डोळे उघडायला काय झालं होतं?" असं विचारून गेला, तो बहिणीच्या दारात परत आलेला नाही. मावशीची नोकरी मात्र टिकली, कारण बाहेरून आलेल्या वाट्याही कुणीतरी ऐकायला हव्यातच.

आता खिळ्यावर अडकवण्याआधी ती प्रत्येक वाटी उलटी करून आतला काठ बघते. काठ गुळगुळीत असतो. मी बघते आणि खोकी भरत राहते.